गत आणि चालू : जुन्नरच्या मुलखातली क्रमांकांची रीत

जुन्नर तालुक्यातल्या खोडद शिवारात आणि त्याच्या आसपास जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पसरलेली आहे. तिच्या अँटेना मोजल्या तर ३० भरतात. त्यांपैकी १४ मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या चौकात आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना गेलेल्या बाहूंवर उभ्या आहेत. प्रत्येक अँटेनेचं नाव म्हणजे एक अक्षर आणि त्यापुढे एक आकडा. चौकातल्या अँटेना सी-०० पासून सी-१४ पर्यंत, पण त्यांत सी-०७ नाही. पश्चिमेच्या बाहूवर डब्ल्यू-०१ ते डब्ल्यू-०६ सलग आहेत, पूर्वेचा बाहू मात्र ई-०२ पासूनच सुरू होऊन ई-०६ ला संपतो आणि दक्षिणेला एस-०४ नंतर एकदम एस-०६ येते. प्रत्येक गटातलं पहिलं आणि शेवटचं नाव धरून कोणी हिशेब केला, तर त्याच्या कागदावर ३२ अँटेना उभ्या राहतील. संख्या दोन कामं करते : किती आहेत ते सांगते आणि कोणती ते दाखवते. ही कामं वेगळी आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरलं की हिशेब चुकतो. संगणकाच्या भाषांत क्रमाने मांडलेल्या घटकांच्या यादीचा म्हणजे अ‍ॅरेचा पहिला घटक ० म्हणायचा की १, हा गेली कित्येक दशकं चाललेला वाद याच घोटाळ्याचा आहे. तो वाद संगणकाबरोबर जन्मला असं समजलं जातं. जुन्नरच्या डोंगरांतले शिलालेख, शिवनेरीवरची एक तिथी आणि ही दुर्बीण एकत्र ठेवून पाहिलं तर तो बराच जुना निघतो. त्याचं एक चांगलं उत्तर आपल्या पंचांगकर्त्यांनी रोजच्या कामात वापरून ठेवलं होतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी वाद नेमका काय आहे ते पाहू. १९५७ साली आलेल्या फोरट्रानमध्ये अ‍ॅरेचा पहिला घटक म्हणजे १ क्रमांकाचा घटक. गणिती लोक मॅट्रिक्सच्या ओळी-स्तंभ असेच मोजत आले होते, म्हणून कोणाला काही खटकलं नाही. मॅटलॅबने तीच रीत ठेवली. तिथे १:५ लिहिलं की १ ते ५ असे पाच आकडे मिळतात, दोन्ही टोकं धरून. सी भाषेत मात्र इंडेक्स म्हणजे सुरुवातीपासून किती घरं ओलांडायची ती संख्या, म्हणून पहिला घटक शून्यावर. पायथनने हीच वाट धरली. तिथली ० ते ५ ही रेंज ५ च्या अलीकडे थांबते. एड्सखर डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९८२ मधल्या एका छोट्या टिपणात या दुसऱ्या रीतीची बाजू मांडली. खालचं टोक धरावं आणि वरचं सोडावं. मग दोन टोकांची वजाबाकी केली की थेट संख्या मिळते, एक रेंज संपते तिथेच दुसरी सुरू होते, आणि रिकामी रेंज लिहायला कसरत करावी लागत नाही. अशा रेंजा धरल्या की शून्यापासून सुरुवात आपोआप नैसर्गिक ठरते. युक्तिवाद देखणा आहे आणि तो खोडून काढणं सोपं नाही. पण त्यातून शून्यवाल्यांनी जो सरसकट निष्कर्ष काढला, की एकापासून मोजणं म्हणजे अडाणीपणा, तो त्या युक्तिवादात बसत नाही.

जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या लेण्याकडे या दृष्टीने पाहू. सातवाहन राणी नागनिकेच्या त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेची मोठी यादी आहे, आणि भारतात संख्या आकड्यांनी कोरून ठेवल्याच्या सर्वांत जुन्या मोठ्या नोंदींत तिची गणना होते. भगवानलाल इंद्रजींनी १८७०च्या दशकात त्या आकड्यांची उकल केली. १,७०० गाई, १० हत्ती, ११,००० गाई, १,००० घोडे, १७ चांदीची भांडी, २४,४०० कार्षापण अशा मोठ्या रकमा तिथे आहेत, पण एकाही रकमेत शून्य नाही. १७ लिहायचे तर १० चं चिन्ह आणि त्यापुढे ७ चं चिन्ह. २४,४०० साठी २०,०००, ४,००० आणि ४०० अशी तीन चिन्हं, आणि ४,००० चं चिन्ह म्हणजे हजाराच्या चिन्हाला जोडलेलं ४. म्हणजे प्रत्येक चिन्ह आपली किंमत बरोबर घेऊन फिरतं. मोठ्याकडून लहानाकडे लिहायची शिस्त आहे, पण ती वाचणाऱ्याच्या सोयीची. चिन्हांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहील. जुन्नरजवळच्याच मानमोडी डोंगरात क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याने मंडप आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. त्यात वर्ष ४६ आलं आहे, तेही ४० आणि ६ या दोन स्वतंत्र चिन्हांनी. पुढच्या शतकांत भारतीय गणिताने हे ओझं चिन्हांवरून काढून जागेवर टाकलं. आता ४ हा आकडा कुठे बसला आहे त्यावर त्याची किंमत ठरते आणि रिकाम्या जागेवर शून्य बसतं. अ‍ॅरेची कल्पना सगळ्यांत आधी इथे प्रत्यक्षात आली असं मला वाटतं : घटक साधे, आणि अर्थ जागेच्या क्रमांकात. गंमत अशी की या जागा आपण दोन तऱ्हांनी मोजतो. शाळेतला मुलगा एककाच्या घराला पहिलं घर म्हणतो. पण किंमत काढताना दहाचा जो घात घ्यायचा, तो त्या पहिल्या घरासाठी शून्य असतो. चौकट एकच, बोलण्यात एकापासून आणि हिशेबात शून्यापासून.

इथे हरकत येईल की नाणेघाटाच्या पाथरवटाला अ‍ॅरे ठाऊक नव्हता आणि आजची कल्पना दोन हजार वर्षांमागे नेऊन चिकटवणं हा इतिहास नव्हे. हरकत रास्त आहे, पण ती प्रभावाच्या दाव्याला लागू पडते आणि तो दावा मी करत नाही. नाणेघाटातून फोरट्रानपर्यंत कोणतीही वाट गेलेली नाही. मुद्दा इतकाच की क्रमाने मांडलेल्या गोष्टींकडे बोट दाखवायचं असलं की प्रत्येक काळात तेच दोन पर्याय पुढे येतात, आणि कोणी कोणता कशासाठी निवडला हे पुराव्याने तपासता येतं. त्याच नाणेघाटात पाण्याच्या टाक्याजवळ वासिष्ठीपुत्र चतरपण सातकर्णीच्या काळचा एक लेख आहे. त्याची तारीख अशी : संवत्सर १३, हेमंताचा ५ वा पक्ष, दिवस १०. वर्षाचे तीन ऋतू, प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष, प्रत्येक पक्षाचे दिवस. राज्यवर्ष, ऋतू-पक्ष आणि दिवस असे तीन इंडेक्स दिले की काळातलं एक घर सापडतं, आणि तिन्ही एकापासून सुरू होतात. राजाचं तेरावं वर्ष म्हणजे चालू वर्ष. ते पूर्ण झालेलं नाही. ज्याला आज दान द्यायचं आहे आणि तसं खडकावर कोरून ठेवायचं आहे, त्याच्या दृष्टीने हेच सरळ आहे. तो ज्या घरात उभा आहे त्याचं नाव सांगतो.

शककालाच्या वर्षांत मात्र रीत पालटते. आपल्याकडे रूढ असलेला शक गत वर्षांचा आहे : शके १५५१ म्हणजे १५५१ वर्षं पूर्ण होऊन पुढचं चालू आहे. मूल पाचवं सरून सहाव्यात लागलं की त्याचं वय पाच सांगतात, तसंच हे. दक्षिणेतल्या काही पंचांगांत मात्र चालू वर्ष लिहिण्याची पद्धत राहिली. त्यामुळे कोरीव लेखांच्या तारखा जुळवताना एका वर्षाचा फरक हा नेहमीचा काच असतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर १८९६ साली भारतीय कालगणनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात गत-चालू हा भेद पुन्हा पुन्हा घ्यावा लागला तो याच कारणाने. प्रोग्रामर ज्याला एकाने चुकणं म्हणतात, ती चूक इतिहाससंशोधक त्याच्या कितीतरी आधीपासून निस्तरत आले आहेत. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. १९ फेब्रुवारी १६३० ही तिच्याशी जुळणारी तारीख महाराष्ट्र शासनाने २००१ साली मान्य केली. या एका तिथीत किती वेगवेगळ्या रीती एकत्र नांदतात ते पाहण्यासारखं आहे. वर्ष गत, महिना चालू, तिथी चालू. शिवाय आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून तीच रात्र इथे फाल्गुनात आणि काशीच्या पंचांगात चैत्रात मोजली जाते. दिवस बदलला नाही, रेंज कुठे तोडायची एवढंच बदललं. पंचांगाच्या रकान्यात तर आणखी एक तऱ्हेवाईकपणा आहे. शुद्ध पक्ष १ ते १५ जातो, वद्य पक्ष पुन्हा १ पासून सुरू होऊन १४ पर्यंत येतो, आणि मग अमावास्येला एकदम ३० लिहितात. शेवटच्या एका घराला पक्षाचा नव्हे, अख्ख्या महिन्याचा क्रमांक. एखाद्या शिस्तप्रिय प्रोग्रामरने हे पाहिलं तर त्याचा जीव कासावीस होईल, पण त्यामुळे कोणाची अमावास्या चुकल्याचं ऐकिवात नाही.

तिथीत सी-०७ सारख्या गाळलेल्या जागाही असतात. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचा क्रमांक त्या दिवसाला मिळतो. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर लागून दुसऱ्याच्या आत संपली तर तिला दिवसच मिळत नाही : क्षयतिथी. एखादी दोन सूर्योदय गाठते आणि तोच क्रमांक दोन दिवसांना बसतो : वृद्धी. म्हणून पक्षाचे क्रमांक १ ते १५ असले तरी दिवस १४ असू शकतात, १६ही असू शकतात. हे असं होतं कारण तिथी ही मुळात आकाशातल्या कोनाची रेंज आहे. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी सरली. ३६० अंशांत ३० तिथी बसतात, आणि त्यांच्या सीमा शून्य अंशापासून ३६० पर्यंत धरल्या तर ३१ होतात. घरं ३०, सीमा ३१. संख्यात्मक भाषांत ० ते १ मध्ये ०.१ च्या पायरीने आकडे मागितले तर १० मिळायला हवेत की ११, हा नवशिक्यांना पडणारा प्रश्न नेमका हाच आहे. मॅटलॅबमध्ये ११ मिळतात. पायथनच्या नमपाय या संचात पायरी सांगणारी रीत वापरली तर शेवटचं टोक गळतं, आणि किती बिंदू हवेत ते सांगणारी रीत वापरली तर ते धरलं जातं.

पंचांगकर्त्यांनी ही गाठ कशी सोडवली ते त्यांच्या गणितात दिसतं. तिथी काढताना चंद्राच्या भोगातून, म्हणजे आकाशातल्या त्याच्या कोनातून, सूर्याचा भोग वजा करायचा आणि १२ अंशांनी भागायचं. भागाकार येतो ती गत तिथींची संख्या, बाकी उरते तो चालू तिथीचा सरलेला भाग. भागाकार शून्य आला तर एकही तिथी सरलेली नाही, म्हणजे आज प्रतिपदा. गणितात शून्य, सांगताना एक. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव हा १५२०चा ग्रंथ महाराष्ट्रात पंचांगासाठी पुढे कित्येक पिढ्या वापरात होता. त्यात हीच शिस्त वर्षांना आणि महिन्यांना लावलेली आहे. शकातून १४४२ वजा करायचे, म्हणजे मोजणीचा आरंभबिंदू ग्रंथाच्या वर्षावर आणून ठेवायचा. मग ११ ने भागायचं. भागाकार तो चक्र, बाकी ती चक्रातली गत वर्षं. शिवनेरीवरच्या तिथीला हे लावून पाहा. १५५१ वजा १४४२ म्हणजे १०९. त्याला ११ ने भागल्यावर चक्र ९, बाकी १०. बाकीला १२ ने गुणून त्यात चैत्रापासूनचे गत महिने मिळवायचे. फाल्गुन बारावा, म्हणून गत ११, एकूण १३१. पुढे अधिकमासांचा संस्कार करून ३० ने गुणायचं आणि गत तिथी मिळवायच्या. वद्य तृतीया ही महिन्याची अठरावी तिथी, म्हणून गत १७. ज्याला लोकांनी बारावा महिना आणि तृतीया म्हटलं, तेच गणकाने ११ आणि १७ म्हणून वापरलं. दोघांत कधी भांडण झालं नाही, कारण कोणत्या टप्प्यावर गत आणि कोणत्या टप्प्यावर चालू हे ग्रंथातच सांगितलेलं होतं.

डाइकस्ट्राच्या युक्तिवादाला यातून उत्तर मिळतं. त्याने सांगितलेले फायदे खरे आहेत, पण ते सगळे सीमांच्या हिशेबाचे आहेत. अंतर, वजाबाकी, भागाकार-बाकी, एका रेंजेला दुसरी जोडणं, यांत शून्य आणि सोडलेलं वरचं टोकच सोयीचं. ग्रहलाघवाने तेच केलं. घराचं नाव घ्यायचं असेल तेव्हा मात्र त्या फायद्यांचा संबंध उरत नाही. लेण्याद्रीची लेणी पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रमांक देत मोजली आहेत. सहावं आणि चौदावं चैत्यगृह, सातव्यात गिरिजात्मज गणपती. या क्रमांकांची वजाबाकी कोणी करत नाही. ते शून्यापासून दिले असते तर कोणतंही गणित सोपं झालं नसतं आणि भाविकांचा गोंधळ तेवढा झाला असता. कोणी म्हणेल, मग दोन्ही रीती ठेवून दुप्पट गोंधळ कशाला? एकच ठरवून टाकावी. एकच ठरवली की दुसरीचं काम तिच्या माथी येतं, आणि ठिकठिकाणी एक मिळवा, एक वजा करा असे जोड लावावे लागतात. फोरट्रानच्या लोकांना हे लवकर कळलं असावं. १९७७च्या फोरट्रानमध्ये खालचं टोक स्वतः ठरवायची मुभा आली. एपीएल या भाषेत मोजणीचा उगम ० की १ ते वापरणाऱ्याला निवडता येतं. शकातून १४४२ वजा करणाऱ्या गणकाला या सोयीचं नवल वाटलं नसतं.

खोडदच्या नावांवर आणखी एक आक्षेप शक्य आहे : ती नुसती पाट्यांवरची नावं आहेत, त्यांचा इंडेक्सशी काय संबंध? संबंध माहितीच्या फायलीत येतो. तिथे अँटेना ओळीने मांडाव्या लागतात, आणि दुर्बिणीचं काम जोड्यांवर चालत असल्यामुळे ३० अँटेनांच्या ४३५ जोड्यांतल्या प्रत्येक जोडीला दोन इंडेक्स लागतात. खगोलशास्त्रज्ञांच्या जुन्या एआयपीएस प्रणालीत मोजणी एकापासून आहे, नंतरच्या कासा प्रणालीत शून्यापासून. एकापासून मोजलं तर सी-०० पहिली, सी-०६ सातवी, असं नाव आणि क्रमांक यांत एकाचं अंतर राहतं. मग सी-०७ ची रिकामी जागा येते, आणि सी-०८ बरोबर आठवी ठरते. पुढे सी-१४ चौदावी. शून्यापासून सुरू केल्याने पडलेला फरक गाळलेल्या जागेने भरून निघाला! शून्यापासून मोजणाऱ्याच्या हाती उलटं येतं : सी-०६ पर्यंत सगळं जुळतं आणि सी-०८ पासून एकाने चुकतं. कोणतीही एक रीत धरली तरी अर्धा चौक जुळत नाही. यावर सगळ्या अँटेनांना नव्याने सलग क्रमांक देणं हा उपाय सुचेल, पण तो चुकीचा आहे. नाव जागेचं आहे आणि अँटेना जागच्या हलत नाहीत. न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए दुर्बिणीच्या २७ अँटेना रुळांवरून एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर नेतात, म्हणून तिथे अँटेनेचा क्रमांक वेगळा आणि ओट्याचं नाव वेगळं ठेवावं लागतं. खोडदला दोन्ही एकच असल्याने नाव बदललं तर आधीच्या सगळ्या निरीक्षणांच्या नोंदींतला पत्ताच बदलेल.

नव्याने क्रमांक देण्याची किंमत जुन्नर आणि शेजारचा आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या कोणत्याही जुन्या खातेदाराला विचारावी. १९४७च्या कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आलं, तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तेव्हापासून जुनं खरेदीखत वाचायला जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांची जुळणी दाखवणारा तक्ता शेजारी ठेवावा लागतो. उलट जिथे नाव तसंच राहिलं तिथे वस्तू गेली तरी पत्ता टिकला. नाणेघाटाच्या लेण्यातल्या राजघराण्याच्या मूर्ती भंगून गेल्या, काहींची नुसती पावलं उरली. डोक्यावर कोरलेली नावं मात्र बरीचशी वाचता येतात. म्हणून कोणत्या जागी सिमुक होता आणि कोणत्या जागी नागनिका व सातकर्णी, हे आजही सांगता येतं. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला असली तरी सरकारी यादीत तालुका आंबेगावच आहे, आणि त्या यादीतला रकाना काढून टाकून खालचे सगळे वर सरकवावेत असं कोणी सुचवलेलं नाही.

संख्यात्मक प्रोग्रामिंगमध्ये हा भेद उघडपणे मान्य व्हायला वेळ लागला. पायथनमधल्या पांडास या संचात, ज्यावर काम २००८ साली सुरू झालं, तक्त्यातला भाग मागायच्या दोन वेगळ्या रीती आहेत. जागेच्या क्रमांकाने मागितलं तर मोजणी शून्यापासून आणि शेवटचं टोक वगळलेलं. नावाने मागितलं तर दोन्ही टोकं धरून. नवशिके याला विसंगती म्हणतात, काही जाणतेही म्हणतात. पण नावाच्या पुढचं नाव कोणतं हे दर वेळी ठाऊक असेलच असं नाही, त्यामुळे शेवटचं टोक सोडायचं तर ते सांगायलाच पंचाईत. एस-०४ पर्यंतच्या अँटेना हव्या असणाऱ्याने एस-०५ च्या अलीकडे थांब असं म्हटलं, तर तो अस्तित्वात नसलेल्या अँटेनेचं नाव घेत असतो. तृतीयेपासून षष्ठीपर्यंत सांगणारा भटजी षष्ठी धरूनच सांगतो, आणि मधली पंचमी क्षय असेल तर दिवस तीनच भरतात, हे यजमानाला आधीच सांगून ठेवतो.